न वाजवायची ओळ

मंडळी, बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी फोन करून "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. बरी आहे. नुसता आळस. आणि थोडं वाचन चालू होतं, ते पुरं झाल्याशिवाय लिहायला बसायचं नाही असं ठरवलं होतं.

झालं असं, की नात की-बोर्ड शिकायला लागली आणि तिच्या पुस्तकात एक धडा आला, "आनंदी शेतकरी". शेतावरचं काम आटोपून घरी निघालेला शेतकरी. त्यात गंमत अशी, की सूर डाव्या हातात आणि उजवा हात नुसती साथ करतो. नेहमीच्या उलट. त्यामुळे पोरगी चिडायची आणि मी शेजारी बसून (मला त्यातलं ओ की ठो कळत नसताना!) "पुन्हा एकदा" म्हणायची. चाळीस वर्षं तेच केलंय. पंधरा दिवसांत ते तिला जमलं आणि मला पाठ झालं. मग ते लिहिणारा कोण, हे शोधणं आलंच.

रॉबर्ट शूमान. जन्म 8 जून 1810, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात झ्विकाऊ या गावी. वडील पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक, म्हणजे घर पुस्तकांनी भरलेलं. मुलाला संगीताइतकंच लिहिण्याचं वेड. तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना मोठ्या बहिणीने आत्महत्या केली आणि पुढच्या वर्षी, 1826 मध्ये, वडील गेले. आईने कायदा शिकायला लाइपझिगला पाठवलं. कायदा त्याने किती वाचला देव जाणे. 1830 मध्ये ते सगळं सोडून फ्रीडरिश व्हीक नावाच्या पियानोशिक्षकाच्या घरी राहून शिकायला लागला. मोठा वादक व्हायचं होतं, पण वर्षा-दोन वर्षांत उजव्या हाताचं एक बोट कायमचं निकामी झालं. का झालं यावर अभ्यासक अजून भांडतात. असो. वादन संपलं, राहिलं लिहिणं.

आणि व्हीकच्या घरात त्याची मुलगी होती. क्लारा. शूमान तिथे राहायला आला तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची, पण नऊ वर्षांची असताना, 1828 मध्ये, ती लाइपझिगच्या गेवांडहाउसच्या मंचावर वाजवून आलेली होती. पुढे ती युरोपातल्या पहिल्या प्रतीच्या वादकांत गणली गेली. (जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र होतं, 1990 नंतरच्या नोटांवर, युरो येईपर्यंत. नवऱ्याचं नव्हे, तिचं! मला हे फार आवडलं.) मुलगी मोठी झाली, दोघांचं जुळलं, आणि बापाने आकाशपाताळ एक केलं. प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी कोर्टाने परवानगी दिली आणि 12 सप्टेंबर 1840 ला लाइपझिगजवळच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी क्लाराला एकविसावं लागत होतं. एक दिवस थांबले नाहीत.

त्या ताटातुटीच्या वर्षांत शूमानने जवळजवळ फक्त पियानोसाठी लिहिलं. त्याच्या पहिल्या तेवीस छापील रचना सगळ्या पियानोच्या. मी त्या एकेक करून ऐकल्या. एकदा ऐकून काही हाती लागलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. आपला कान एका सुरामागून दुसरा सूर ऐकायला तयार झालेला. एकाच वेळी चार सूर वाजले की गर्दीत चुकल्यासारखं होतं. पण "बालदृश्ये" हा 1838 सालचा तेरा छोट्या तुकड्यांचा संच ऐका. क्लाराने त्याला कधीतरी लिहिलं होतं, की तू मला कधीकधी लहान मुलासारखा वाटतोस. त्यावरून त्याने तीसेक तुकडे लिहिले आणि त्यातले निवडून ठेवले. ही मुलांसाठी लिहिलेली रचना नव्हे हं. मोठ्या माणसाला आठवणारं लहानपण आहे ते. खुद्द मुलांसाठी त्याने दहा वर्षांनी लिहिलं, थोरल्या मुलीच्या, मारीच्या, सातव्या वाढदिवसासाठी. तेच पुढे त्रेचाळीस तुकड्यांचं पुस्तक झालं, आणि आमचा शेतकरी त्यातलाच.

तेरातला सातवा तुकडा "स्वप्नरंजन". जगभर ऐकला जातो. होरोविट्झ 1986 मध्ये साठ वर्षांनी रशियात परतला आणि मॉस्कोत त्याने हा वाजवला, तेव्हा श्रोत्यांत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या गालावरून पाणी वाहताना दिसतं, ते चित्रण सहज सापडेल. जेमतेम अडीच-तीन मिनिटांची गोष्ट. सुरावट एक चढण चढते, वर जाऊन थबकते, हळूहळू उतरते. मग पुन्हा तीच चढण. पुन्हा तीच. पण शिखरावर पोचल्यावर खालचे सूर दर वेळी वेगळे असतात, त्यामुळे तोच डोंगर चढून दर वेळी दुसरं गाव दिसावं तसं होतं. ठुमरीत एकाच ओळीला दर वेळी वेगळा अर्थ देतात, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे ओळ तशीच ठेवून तिच्याखालची जमीन बदलली आहे. हे लक्षात आल्यावर माझं अडखळणं संपलं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला. 1839 मध्ये त्याने "ह्युमोरेस्क" नावाची मोठी रचना लिहिली. तिच्यात एके ठिकाणी उजव्या हाताची एक ओळ आहे, डाव्या हाताची एक, आणि दोन्हींच्या मधे तिसरी ओळ छापली आहे. तिच्यावर लिहिलं आहे "आतला आवाज". ती वाजवायची नाही! वादकाने डोळ्यांनी वाचायची, मनात म्हणायची, आणि वरखालच्या दोन ओळी वाजवायच्या. ऐकणाऱ्याला ती कधीच ऐकू येत नाही. मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि चहा ठेवला. मुलांना आम्ही "ओळींच्या मधलं वाचा" असं सांगायचो, ह्या माणसाने ते छापून ठेवलं आहे.

पुढची दहा-बारा वर्षं भराभर सांगते. गाणी (एकट्या 1840 मध्ये सव्वाशेच्या वर), सिम्फनी, आठ मुलं, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. अधूनमधून येणारे काळोखाचे महिने. 1844 मध्ये ड्रेस्डेन, 1850 मध्ये ड्युसेलडॉर्फ, तिथे शहराचा संगीत संचालक म्हणून नोकरी. ती त्याला झेपली नाही. वाद्यवृंदापुढे उभं राहून माणसं सांभाळणं हे वेगळं कसब, ते त्याच्याकडे नव्हतं. 30 सप्टेंबर 1853 ला वीस वर्षांचा एक पोरगेलासा वादक दारात येऊन उभा राहिला, योहानेस ब्राह्म्स. त्याचं वाजवणं ऐकून शूमानने महिन्याभरात लेख लिहून सगळ्या जर्मनीला सांगितलं, की येणारा आला आहे. आपण संपत असताना दुसऱ्याला इतकं मोकळेपणाने पुढे करणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

फेब्रुवारी 1854. क्लाराने रोजनिशीत हे दिवस टिपून ठेवले आहेत. आधी त्याच्या कानात एकच सूर रात्रंदिवस वाजायला लागला. मग त्याचं संगीत झालं, पूर्ण वाद्यवृंदाचं. 17 तारखेच्या रात्री तो अंथरुणातून उठला आणि त्याने एक सुरावट उतरवून घेतली. म्हणाला, देवदूत सांगताहेत. सकाळ झाली तेव्हा देवदूतांचे राक्षस झाले होते, वाघ-तरसांसारखे अंगावर येणारे. मधल्या शुद्धीच्या तासांत तो त्या सुरावटीवर बसून एकेक विस्तार लिहीत होता. 26 ला संध्याकाळी तो आपण होऊन म्हणाला, मला वेड्यांच्या इस्पितळात न्या. आपल्या हातून क्लाराला काही होईल ही भीती. सामान काढून ठेवलं. 27 ला, पावसात, तो त्या विस्तारांची स्वच्छ प्रत करत बसला होता. ती अर्धवट टाकून घरातल्या झग्यावरच बाहेर पडला आणि पुलावरून त्याने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. रस्त्यात कार्निव्हलचा जल्लोष चालला होता. नावाड्यांनी काढला, घरी आणला. क्लारा तेव्हा पोटुशी होती. तिला मैत्रिणीकडे हलवलं होतं आणि तिला कोणी खरं काय ते सांगेना.

दुसऱ्या दिवशी त्याने ती प्रत पुरी केली आणि क्लाराकडे पाठवली.

4 मार्चला त्याला बॉनजवळच्या एंडेनिशला डॉक्टर रिशार्झ यांच्या इस्पितळात नेलं. जूनमध्ये शेवटचा मुलगा झाला, फेलिक्स. वडिलांनी त्याला कधी पाहिलं नाही. डॉक्टरांनी क्लाराला भेटू दिलं नाही, दोन वर्षांहून जास्त. ब्राह्म्सला मात्र जाता येई. एकदा त्याने पाहिलं, तर शूमान नकाशांच्या पुस्तकातून गावांची आणि देशांची नावं काढून वर्णानुक्रमे लावत बसला होता. 27 जुलै 1856 ला क्लाराला अखेर आत सोडलं. 29 ला तो गेला. ती छत्तीस वर्षांची, सात मुलं पदरात.

(डॉक्टरांच्या नोंदवह्या नातलगांत वारशाने फिरत 1991 मध्ये बर्लिनच्या कला अकादमीकडे आल्या आणि 2006 मध्ये छापल्या गेल्या. त्यावरून गुप्तरोग मेंदूत गेला होता असं बहुतेक जण मानतात, सगळे नव्हेत. त्या नोंदी वाचणं अवघड आहे. रोज काय खाल्लं, किती ओरडला. मी अर्ध्यावर सोडलं.)

त्यानंतर चाळीस वर्षं क्लारा जगली. गावोगाव कार्यक्रम करून घर चालवलं. नवऱ्याची रचना जिथे जाईल तिथे वाजवली. आज आपल्याला तो माहीत आहे यात तिचा वाटा फार मोठा. आणि 1881 पासून 1893 पर्यंत तिने ब्राह्म्सच्या मदतीने त्याच्या समग्र रचना छापून काढल्या. समग्र म्हणजे, तिला हव्या तेवढ्या.

ते देवदूतांचे विस्तार तिने छापू दिले नाहीत. 1853 च्या शरद ऋतूतला व्हायोलिन कॉन्चेर्टोही तिने आणि वादक योआखिमने बाजूला ठेवला. तो पहिल्यांदा वाजला 1937 मध्ये, तोही बर्लिनमध्ये नाझींच्या तामझामात, कारण मेंडेलसोन ज्यू म्हणून त्यांना त्याचा कॉन्चेर्टो नको होता. (त्याआधी योआखिमच्या नात्यातल्या एका व्हायोलिनवादक बाईंनी जाहीर केलं होतं, की प्लँचेटवर शूमानने स्वतः येऊन ही रचना शोधायला सांगितली! एकूण या माणसाचा भुताखेतांनी पिच्छा सोडला नाही.) आणि 1853 मध्येच त्याने चेलो आणि पियानोसाठी पाच रोमान्स लिहिले होते. ते तिने 1893 च्या सुमारास जाळून टाकले. चाळीस वर्षं टिकले, आणि जाळले. ते आता कुठेच नाहीत.

का? आजकाल लिहिणारे क्लारावर सहज तोंडसुख घेतात. नवऱ्याची कीर्ती जपायला नवऱ्याचंच तोंड दाबलं वगैरे. पण तिच्या बाजूने जरा पाहा. माणूस वेडाने गेला म्हटल्यावर लोक मागे जाऊन त्याच्या प्रत्येक पानात वेड हुडकतात. त्याची नंतरची सगळी रचनाच उतरणीची, असं लोक म्हणायला लागले होतेच. त्यात धाकट्यांपैकी लुडविग हा मुलगाही 1870 मध्ये इस्पितळात गेला, आणि तो शेवटपर्यंत परत आला नाही. त्या घराला काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल! तिने दार लावून घेतलं.

मी हे विस्तार अनेकदा ऐकले. मूळ सुरावट प्रार्थनेसारखी, साधी, कुठेही घाई नाही. त्यावर पाच विस्तार. ऐकताना मी वेड शोधत होते, कबूल करते, आणि ते मिळेना. दुसऱ्यात एक आवाज पुढे जातो आणि त्याच्या मागोमाग दुसरा तेच म्हणत येतो, अगदी शिस्तीत. चौथा उदास. आणि पाचव्यात, जो त्या पावसाच्या दिवसाच्या जवळचा असावा, खालची सुरावट तशीच असते पण भोवतीचे सूर खुपायला लागतात, काचेवर पाणी ओघळल्यावर बाहेरचं झाड दिसावं तसं. तो मूळ सूर मात्र सोडत नाही. पाचही वेळा तो तिथेच, हाताला धरून ठेवल्यासारखा. आणि खरी चुटपुट लावणारी गोष्ट ही, की देवदूतांनी सांगितलेली म्हणून त्याने उतरवलेली ही सुरावट थोड्याच महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच लिहिलेली होती, त्याच व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या संथ भागात. त्याने आपली मुलगी ओळखली नाही.

आता घरातलं लिहिते. नातेवाईक मंडळी इथे वाचतात, त्यांना माहीत आहे. आमच्या दादांची शेवटची दोन वर्षं कशी गेली ते इथे उगाळत नाही. पण रात्री उठून ते अभंग लिहायचे, दोनशे पानी वहीत. "सांगणारा सांगतोय, मी लिहितोय" म्हणायचे. काही पानं पूर्वीच्या दादांची, काही पानांवर नुसती अक्षरं. वर्षश्राद्धाला त्याची पुस्तिका काढावी असं आम्ही भावंडांनी ठरवलं. वहिनी नाही म्हणाली. मी मराठीची मास्तरीण; म्हटलं, मी निवडून देते, चांगली तेवढीच घेऊ. तर ती म्हणाली, निवडायचा हक्क तुला कोणी दिला? मी तेव्हा बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुला लोकांची लाज वाटते. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींशी नीट बोललो नाही, आता तीन वर्षं होतील.

क्लाराचं वाचताना मी पहिल्यापासून तिच्या विरुद्ध होते. कुठल्या पानावर माझं मत बदललं ते सांगता येणार नाही. वेडातही मूळ सूर धरून बसलेला नवरा तिने पाहिला होता, लोकांना फक्त वेड दिसलं असतं. हे तिला कळत होतं, मला दादांच्या बाबतीत कळलं नाही. मी "चांगली पानं" निवडायला निघाले होते, म्हणजे उरलेली पानं मीच आधी वाईट ठरवून टाकली होती.

पण तेवढ्याने क्लारा मला पूर्ण पटली असं नाही. विस्तारांची गोष्ट अजून संपायची आहे. ती सुरावट ब्राह्म्सच्या मनातून जात नव्हती. 1861 मध्ये त्याने तिच्यावर स्वतःचे विस्तार लिहिले, एका पियानोवर दोघांनी बसून वाजवायचे, आणि शूमानच्या मुलीला, युलीला, अर्पण केले. शेवटी अंत्ययात्रेच्या चालीवर ती मूळ सुरावट परत येते. म्हणजे दार लावलेल्या घरातून सूर मागच्या अंगणाने बाहेर पडला. 1893 मध्ये समग्र ग्रंथाच्या पुरवणी खंडात ब्राह्म्सने मूळ सुरावट तेवढी छापली. तीन वर्षांनी क्लारा गेली, मग तो. पाच विस्तार पूर्ण छापले गेले 1939 मध्ये. लिहिल्याला पंच्याऐंशी वर्षं झाली होती. लपवलेलं होतं, म्हणून निदान सापडलं. चेलोचे पाच रोमान्स कसे होते ते मात्र आता कोणालाच कळणार नाही, ब्राह्म्सला सुद्धा पुन्हा ऐकता आले नाहीत.

वहिनी, तू हे वाचणार नाहीस, पण तुझी सून वाचते, ती वाचून दाखवेल. वही तुझी. छापायचं नाव मी पुन्हा काढणार नाही आणि तेव्हा बोलले त्याबद्दल चुकले. ट्रंकेत ठेव, बँकेत ठेव, कोणाला दाखवू नकोस. फक्त बंबात घालू नकोस. पुढच्या रविवारी मी येते आहे, दुपारच्या गाडीने. पोरगीलाही आणते, तिचा शेतकरी ऐक.